पितळेची पिन

आमच्या नावेच्या मागच्या फळीवर इंजिनाच्या दोन चिमट्यांचे दोन गोल व्रण आहेत. इंजिन जागेवर असले की ते झाकलेले असतात. त्या वर्षी कार्तिकात मात्र ते मला रोज सकाळी दिसत होते, कारण इंजिन शहरातल्या मिस्त्रीकडे पडले होते आणि माझे कापलेले धान पलीकडच्या काठावर पडले होते. मधे पाणी होते.

हे पाणी गोसीखुर्दचे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली तेव्हा मी शाळेत होतो, आणि पाणी प्रत्यक्ष आमच्या धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, लागले तेव्हा माझी मुले शाळेत जाऊ लागली होती. अकरा किलोमीटरांहून लांब भिंत, तिला ३३ दारे, आणि त्या भिंतीमागे वैनगंगा फुगून गावोगावच्या नाल्यांत मागे चढत गेलेली. आमची काही जमीन बुडाली, तिचा मोबदला मिळाला. जी बुडाली नाही तिच्यातल्या चार बांध्या, म्हणजे बांध घातलेले धानाचे तुकडे, फुगवट्याच्या पल्याड राहिल्या. पूर्वी जिथे गुडघाभर नाला ओलांडून मजूर डबा घेऊन चालत जात, तिथे आता नाव लागते, आणि रस्त्याने जायचे म्हटले तर मोठा वळसा घालून ट्रॅक्टरभाडे द्यावे लागते. नाव आम्ही हौसेने घेतलेली नाही, हे आधीच सांगितलेले बरे, कारण बोटीचा मालक म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वेगळेच चित्र उभे राहते.

पाणी आमच्या भागाला नवे नाही. भंडारा-गोंदियाकडची माणसे तळ्यांच्या काठाने वाढलेली आहेत आणि नदीवर ढिवरांचे डोंगे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. माझ्या मोठेबाबांकडे फळ्यांची एक जुनी नाव होती. उन्हाळ्यात पाणी आटले की ते ती काठावर पालथी घालत, फटींतला जुना सुताचा बोळा खिळ्याने उकरून काढत, नवा भरत आणि वरून ऊन ऊन डांबर फिरवत. फळीच कुजली तर गावचा सुतार येई, दुपारभर काम करी, जेवून जाई. त्या नावेत असे काहीही नव्हते की जे मोठेबाबांना उघडता येत नव्हते. तिच्यासाठी कोणाच्या दाराशी जाऊन बसण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. इंजिनाची गोष्ट तशी नाही. पाणी वाढले, पल्ला वाढला, वाऱ्याच्या दिवसांत वल्ही मारून पाच माणसे आणि धानाची पोती नेणे अवघड झाले, तेव्हा फायबरची नाव आणि तिला मागे लावायचे पाच हॉर्सपॉवरचे जुने टू-स्ट्रोक इंजिन आम्ही ४२,००० रुपयांना घेतले. इंजिन आले, पण त्याची दुरुस्ती जाणणारा माणूस त्याच्याबरोबर आला नाही. माझ्या सगळ्या तक्रारीचे मूळ येथे आहे, आणि ती तक्रार एका मिस्त्रीपुरती नाही हे मला फार उशिरा कळले.

पहिला बिघाड अगदी साधा होता. पंखा फिरेनासा झाला. इंजिन चालू, आवाज ठणठणीत, दांडा फिरतो आहे, पण नाव जागची हलत नाही. आमच्या बाजूच्या गावात मोटारपंपाची आणि डिझेल इंजिनांची कामे करणारे एक मिस्त्री आहेत, त्यांचा हात पंपावर उत्तम चालतो आणि आजही माझा पंप त्यांच्याकडेच जातो. त्यांनी पंखा काढला आणि आतून पेन्सिलीच्या शिशाहून थोडी जाड, बोटाच्या दोन पेरांएवढी लांब अशी एक पिवळी पिन तीन तुकड्यांत बाहेर आली.

“पितळ नरम रायते जी, म्हणून तुटते,” ते म्हणाले. “आता असं पक्कं करून देतो का पुन्हा पाहा लागनार नाही.”

त्यांनी एक जाड लोखंडी खिळा घेतला, त्याचे डोके कापले, कानशीने घासून त्याच भोकात ठोकून बसवला आणि ३०० रुपये घेतले. नाव चालू झाली. मी त्यांचे आभार मानले, आणि तुटलेले पितळेचे तुकडे तिथेच मातीत पडले होते ते उचलण्याचेही मला सुचले नाही.

ती पिन कशासाठी असते हे येथे सविस्तर सांगतो, कारण मला ते कोणी वेळेवर सांगितले असते तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती. लहान इंजिनांत पंखा दांड्यावर घट्ट जखडलेला नसतो. दांड्यातून आडवी एक पिन गेलेली असते आणि दांड्याची सगळी ताकद त्या पिनेतून पंख्याला मिळते. पाण्याखाली पंखा दगडावर किंवा खुंटावर आदळला की कुठेतरी काहीतरी तुटणारच असते. बनवणाऱ्याने आधीच ठरवून ठेवले आहे की तुटायचे ते या पिनेने तुटायचे. पिन गेली की दांडा मोकळा फिरतो, पंखा थांबतो, आणि वरची दातेरी चाके वाचतात. म्हणजे ती मऊ आहे हा तिचा दोष नाही, त्यासाठीच तिला तिथे ठेवलेले आहे. तिच्या जागी लोखंड बसवले की फटका पुढे सरकतो आणि गिअरच्या पेटीत जाऊन पोहोचतो.

आमच्या फुगवट्यात खुंटांना तोटा नाही. पाणी चढले तेव्हा जी झाडे उभी होती त्यांतली बरीच पाण्यातच वाळली. काहींचे शेंडे अजून दिसतात, काहींचे बुंधे पाण्याच्या वितभर खाली असतात आणि पाणी थोडे उतरले की नेमके पंख्याच्या उंचीला येतात. भरीला जलपर्णी. आमच्याकडे तिला इकॉर्निया म्हणतात. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला मिळते, आणि त्या घाणीवर पोसलेली ही वनस्पती वारा वाहील तिकडे सरकत राहते. तिच्या हिरव्या थराखाली काय आहे ते दिसत नाही. दिवाळीनंतर चौथ्या दिवशी, कापलेल्या धानाच्या कडपा, म्हणजे पेंढ्या बांधण्याआधीच्या ओळी, बांधीत पसरलेल्या असताना, मजुरांना सोडून परत येताना इंजिनातून आधी एक ठोका आला आणि मग खडे भरलेला डबा हलवावा तसा आवाज. मी इंजिन बंद केले आणि वल्ह्याने नाव काठाला आणली. खिळा शाबूत होता. वाकलासुद्धा नव्हता.

येथून पुढे शहरातला मिस्त्री. त्याचे गॅरेज मोठे होते, दारात जनरेटर होते, दुचाकी होत्या, एक गवत कापण्याचे यंत्र होते, आणि कोपऱ्यात कोणाच्या तरी बोटीचे एक इंजिन उभे होते. ते पाहून मला धीर आला. ते तिथे किती महिन्यांपासून उभे आहे हे विचारायला हवे होते. त्याने तेल सोडले, बोटावर घेऊन पाहिले, त्यात चकचकीत कण होते. “गिअर गेले भाऊ. पार्ट मुंबईहून मागवा लागते. आठ दिवस पकडा.” पाच हजार आगाऊ दिले. पावती मागितली तर म्हणाला, काम झाल्यावर एकदम बिल देतो.

समृद्धी महामार्गाने नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर आहे, आणि या अंतराचा हिशेब बोटीच्या मालकाला जसा कळतो तसा क्वचितच कोणाला कळत असेल. कोकणातल्या बंदरावर इंजिन बिघडले तर त्याच धक्क्यावर दोन-चार माणसे अशी भेटतात की ज्यांनी ते इंजिन शंभरदा उघडलेले असते. आमच्याकडे डिझेल मेकॅनिकचे किंवा मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेतलेली मुले गावोगावी आहेत, ट्रॅक्टरचे अर्धे इंजिन शेतात उघडून जोडून देणारी माणसे आहेत, पण बोटीचे इंजिन शिकलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. शिकणार तरी कोणाच्या भरवशावर? एका फुगवट्यावर अशी इंजिने मोजकीच, तीही निरनिराळ्या कंपन्यांची आणि जुनी. एवढ्यावर एखाद्याचे घर चालत नाही, म्हणून तो सुटे भाग ठेवत नाही. आणि सुटे भाग नसतात म्हणून प्रत्येक काम आठ दिवसांचे महिन्यावर जाते.

एवढे समजूनही मी त्या माणसाला माफ करू शकलेलो नाही. आठव्या दिवशी फोन केला तर, “पार्ट निघाला आहे भाऊ, उद्या येऊन जाते.” अकराव्या दिवशी, “आला आहे, पण दुसराच पाठवला त्यानं.” पंधराव्या दिवशी फोन उचलला नाही. सतराव्या दिवशी मी बसने गेलो. गॅरेज उघडे होते, तो नव्हता, आणि माझे इंजिन कोपऱ्यातल्या त्या दुसऱ्या इंजिनाशेजारी भिंतीला टेकवून ठेवले होते. खालची पेटी सुटी केलेली, तिची तोंडे उघडी, आत धूळ. तुटक्या दातांची चाके तेलाच्या एका रिकाम्या डब्यात होती, आणि त्याच डब्यात दुसऱ्या कोणत्यातरी यंत्राचे स्क्रूही होते. तिथे काम करणाऱ्या मुलाने मला बसायला स्टूल दिले, चहा आणला. तो पंधरा-सोळा वर्षांचा असेल. मी विचारले, पार्ट मागवला आहे काय? त्याने मालकाच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिले आणि मान खाली घातली. मला उत्तर मिळाले.

त्याच रात्री अवकाळी पाऊस आला. धान कापून बांधीत पसरलेले असताना पाऊस येणे म्हणजे काय, हे धानाच्या पट्ट्यात कोणाला सांगावे लागत नाही. कडपा उलटवायला हव्या होत्या, उचलून धुऱ्यावर टाकायला हव्या होत्या, आणि त्यासाठी पहाटेच दहा माणसे पलीकडे न्यायला हवी होती. वल्ह्याची नाव शेजाऱ्याकडून मागून आणली, वारा सुटलेला, एका खेपेला चौघे. शेवटच्या बांधीतल्या कडपांना आम्ही हात लावला तेव्हा तिसरा दिवस होता आणि खालच्या लोंब्यांना पांढरे कोंब फुटले होते. आई काठावर बसून एकेक लोंबी हातात घेऊन पाहत होती. ती काही बोलली नाही. धानाचे पुंजणे, म्हणजे ढीग, रचले तेव्हा एका बाजूचे धान काळे दिसत होते. मिस्त्रीच्या “उद्या”ची किंमत मी त्या बांधीत मोजली आहे, आणि म्हणून कोणी मला समजावू लागले की कारागीर लोक असेच असतात, मनावर घ्यायचे नाही, तर ते मला पटत नाही. आपण ज्याला सवय म्हणून सोडून देतो, तिच्या दुसऱ्या टोकाला कोणाचे तरी वर्षाचे पीक असते.

मी पुष्कळ विचार केला की तो खोटे का बोलला. पैसे खायचे असते तर त्याने ते पहिल्याच दिवशी जास्त मागितले असते. मला वाटते, त्याने ती पेटी यापूर्वी कधी उघडलेली नव्हती. उघडल्यावर त्याला कळले की हे आपल्याला येत नाही, आणि ते मला सांगण्यापेक्षा रोज एक दिवस पुढे ढकलणे त्याला सोपे गेले. “हे मला येत नाही” हे वाक्य बोलायला आमच्याकडचे मिस्त्री फार घाबरतात. ते बोलले की गिऱ्हाईक जाते आणि गावात नावही जाते, असे त्यांना वाटते. पहिल्या दिवशी तो हे बोलला असता तर मी ट्रॅक्टर सांगून वळशाच्या रस्त्याने धान उचलले असते, भाडे गेले असते, पण पीक वाचले असते.

इंजिन शेवटी सव्वा महिन्याने मिळाले. गिअरची जोडी, सील, तेल, वाहतूक, मजुरी असे सगळे तोंडी सांगून त्याने एकूण २२,७०० रुपये घेतले. “सगळे सील नवे टाकले” असे तो दोनदा म्हणाला. बिलाचे पुस्तक संपले होते. ज्या इंजिनाला ४२,००० दिले त्याच्या एका दुरुस्तीला निम्म्याहून जास्त रक्कम गेली, आणि ती मी हातात कागद नसताना मोजून दिली, कारण इंजिन त्याच्याकडे होते.

जानेवारीत तेल पुन्हा पाहिले. खालचा स्क्रू सोडताच ताकासारखे पांढरट, फेसाळ तेल बाहेर आले. गिअरच्या पेटीत पाणी शिरले की तेल असे होते, आणि तसेच चालवले तर नवी चाकेही गंजून जातात. त्या दिवशी मी इंजिन शहरात नेले नाही. माझा पुतण्या आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक झालेला आहे, त्याला बोलावले. त्याचे पहिले वाक्य होते, “काका, हे मला शिकवलं नाही. पण कंपनीचं पुस्तक मोबाईलवर मिळते, ते पाहून उघडू.” मला ते ऐकून केवढे हायसे वाटले हे त्याला कळले नसेल. आम्ही अंगणात पोते अंथरले, प्रत्येक भाग काढला की त्याचा फोटो काढला आणि काढल्या क्रमाने ओळीत मांडत गेलो. पंख्यामागचे, पाणी आत येऊ न देणारे सील बाहेर आले तेव्हा पुतण्याने ते माझ्या तळहातावर ठेवले. रबराचे ओठ झिजलेले होते आणि त्यांच्या आत जाळ्याचा नायलॉनचा तंगूस इतका घट्ट रुतला होता की तो सुईने काढावा लागला. पंख्यामागे दांड्याला तंगूस गुंडाळला गेला की तो फिरता फिरता तापतो आणि सील कापतो. आमच्या पाण्यात जाळी सगळीकडे आहेत, त्यामुळे हे होणारच. पण ते सील नवे नव्हते. ते कोणी काढलेलेच नव्हते. नव्या सीलला आणि तेलाला मिळून ७८० रुपये लागले आणि काम एका रविवारी झाले.

तक्रार का केली नाही, असे मला अनेकांनी विचारले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दुरुस्तीच्या कामातली हयगय ही सेवेतील त्रुटीच धरली जाते. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असली तरी आपण ग्राहकच ठरतो. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते, आणि कामासाठी आपण मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही. हे सगळे मी नंतर वाचले. माझ्याजवळ फक्त पाच हजारांच्या आगाऊ रकमेचा मोबाईलवरचा संदेश होता, बाकी सगळे रोख. तेवढ्या आधारावर जाण्याचा धीर मला झाला नाही, आणि तो झाला नाही याची मला आजही खंत आहे. आता कोणतेही यंत्र मी कोणाकडे ठेवले तर साध्या वहीच्या पानावर का होईना, तारीख, काय बिघडले, काय बदलायचे, किती दिले, एवढे लिहून सही घेतो, आणि काढलेला जुना भाग परत मागतो. जुना भाग मागितला की पुष्कळ गोष्टी आपोआप सरळ होतात.

केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, तेव्हा त्यात शेतीची यंत्रे, मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने अशी चार क्षेत्रे घेतली होती. बोटीचे इंजिन त्यांत बसत नाही. माझी नाव मात्र ट्रॅक्टरच्या ट्रॉलीइतकेच धान वाहते, आणि अशा नावा धरणांच्या फुगवट्यांवर ठिकठिकाणी आहेत. गोसीखुर्दवर जलपर्यटनाच्या योजनांची चर्चा होते, तेव्हा बोटी किती येतील हे सगळे सांगतात. त्या दुरुस्त कोण करणार, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही. तालुक्याच्या आयटीआयमध्ये या कामाचा दोन महिन्यांचा वर्ग जरी निघाला तरी माझ्यासारख्या कित्येकांचा हंगाम वाचेल असे मी मनापासून मानतो.

राहिली पिन. कंपनीची मिळेना, म्हणून मी भंडाऱ्याला गेलो. भंडारा हे पितळेच्या भांड्यांचे शहर, आणि त्याच जिल्ह्यात माझ्या इंजिनात लोखंडी खिळा ठोकला गेला होता, हे बसमध्ये बसल्यावर माझ्या मनात आले आणि फार वाईट वाटले. लेथवाल्याने विचारले, नमुना आणला काय? माझ्याजवळ नमुना नव्हता, तुकडे मी मातीत टाकून आलो होतो. मग त्याने दांडाच मागितला, भोकात व्हर्निअरची टोके घालून माप घेतले, एका बाजूला खिळ्याने भोक जरासे ओढले गेले आहे तेही दाखवले. पहिली पिन फार मऊ पितळेची निघाली, ती इकॉर्नियाच्या गुंत्यातच तुटली. दुसऱ्या खेपेला त्याने वेगळी सळई घेतली. दहा पिना, ४०० रुपये. त्या मी मुलीच्या जुन्या कंपासपेटीत ठेवल्या, सोबत स्प्लिट पिना आणि एक पक्कड, आणि ती पेटी नावेत बसण्याच्या फळीखाली दोरीने बांधून टाकली.

पुढच्या हंगामात दोनदा पिन तुटली. एकदा भर पाण्यात, विळे घेऊन चार बाया नावेत बसलेल्या असताना. इंजिन वर उचलले, स्प्लिट पिन सरळ करून काढली, पंखा ओढला, तुकडे ढकलून बाहेर काढले, नवी घातली. शेजारच्या काकू वाकून पाहत होत्या. म्हणाल्या, “एवढ्याशासाठी मागच्या साली धान भिजलं का जी?” मी हो म्हणालो.

गेल्या उन्हाळ्यात पलीकडच्या गावातल्या एकाने नवे इंजिन घेतले, त्याचा पंखा अडला आणि त्याने खिळा ठोकणाऱ्या त्याच मिस्त्रींना बोलावले. काम करायला ते आमच्याच काठावर आले. मी झाडाखाली बसून जाळे विणत होतो. थोड्या वेळाने ते हात पुसत माझ्याकडे आले, क्षणभर उभे राहिले आणि म्हणाले, “भाऊ, तुमच्याजवळ ते पितळेचं रायते म्हणे. एक देता काय? माप पाहून घेतो, भंडाऱ्याहून करून आनतो.” मी पेटी सोडून आणली आणि त्यांच्या हातावर दोन पिना ठेवल्या. एक त्यांनी शर्टाच्या खिशात टाकली आणि दुसरी दोन बोटांत धरून, उन्हाकडे करून, बराच वेळ पाहत राहिले.